काळ्या मातीवरचं घर, दर वर्षी येणारे तडे आणि गुत्तेदाराची जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडचा पट्टा. इथे घराची दुरुस्ती काढली की वर्षभरात एक भांडण ठरलेलं. मालक म्हणतो, “दोन लाख मोजले, तडा परत आलाच कसा?” गुत्तेदार म्हणतो, “माती फुगली साहेब, मी काय मातीला धरून बसू?” दोघंही अर्धं खरं बोलत असतात, म्हणून भांडण मिटत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे. आधी काही वर्षं स्वतः गुत्ती घेतली, आता लोकांची घरं तपासून देतो. त्यामुळे शिव्या दोन्ही बाजूंनी खाल्ल्या आहेत. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकदाच लिहून ठेवतो.

घर ऋतूप्रमाणे हलतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची रचना पापुद्र्यांची. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. मे महिन्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा दिसतात आणि ऑगस्टमध्ये तीच भेग शोधून सापडत नाही. तेच तुमच्या घराखाली चालू असतं.

ही हालचाल साधारण वरच्या तीन-साडेतीन मीटर थरात जास्त. पण खरी गोची वेगळीच आहे : ती सगळीकडे सारखी होत नाही. घराच्या मधोमधची माती झाकलेली, तिच्यातली ओल बरीचशी टिकून राहते. कडेच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसाळ्यात भिजते. अख्खं घर एकसारखं दोन इंच उचललं गेलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. एक कोपरा उचलला आणि दुसरा राहिला, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो आणि श्रावणात बाथरूमचं दार चौकटीत अडकायला लागतं.

दार अडकलं की सुतार सांगतो, लाकूड फुगलं. कधी तेही खरं असतं. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे आले तर लाकूड, कमी-जास्त आले तर भिंत.

आजोबांचं गावातलं घर अजून उभं आहे आणि आमचं प्लॉटवरचं घर पाच वर्षांत तडकलं. गुत्तेदारानं सिमेंट खाल्लं का?

खाल्लंही असेल, पण आधी जागा बघा. आपल्याकडे गावाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणायची रीत आहे. वस्ती पांढरीत, पीक काळीत. जुन्या लोकांनी प्रयोगशाळेत माती नेली नव्हती, पण कुठली जमीन पेरायची आणि कुठलीवर राहायचं हे त्यांना ठाऊक होतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावठाण भरलं, शहरं पसरली आणि काळीवरच प्लॉटिंग सुरू झालं. कापसाचं रान एनए (बिगरशेती) झालं, खुणेचे दगड रोवले गेले, त्यावर घरं चढली. रानाला हे कुणी सांगितलं नाही. ते अजून जूनमध्ये फुगतं आणि मार्चमध्ये आकसतं.

पांढरी म्हणजे सगळं उत्तम, असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांच्या (मातीच्या सपाट छतांच्या) ओझ्यानंच माणसं गाडली. पण तो भूकंपाचा विषय. ऋतूप्रमाणे हलण्याच्या बाबतीत जुनं गावठाण पुष्कळदा नव्या कॉलनीपेक्षा शहाणं निघतं.

आणखी एक. कोकणातल्या मेहुण्याचा किंवा गोव्यातल्या मित्राचा सल्ला इथे लावू नका. जांभा दगडावर बांधणाऱ्याला ही डोकेदुखी नसते. “आमच्याकडे तीन फुटांचा पाया पुरतो,” हे त्यांच्यापुरतं खरं आहे.

माती फुगते हा निसर्ग. मग त्यात गुत्तेदार जबाबदार कसा?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश उत्तर देतो.

माती फुगली यासाठी गुत्तेदाराला धरता येत नाही. पण माती फुगणार हे या भागात काम करणाऱ्या माणसाला माहीत असायलाच हवं, आणि माहीत असून त्यानं ते विचारात घेतलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही किंवा त्याच्या कामानं हालचाल वाढली, तर तो जबाबदार. पोहणं शिकवणाऱ्याला नदीला पूर आल्याबद्दल कुणी बोल लावत नाही. पूर दिसत असताना पोरं पाण्यात उतरवली तर लावतात.

व्यवहारात याचे तीन भाग पडतात. पहिला, त्यानं स्वतः केलेलं काम : गिलावा सुटला, वीट आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर ओढलं, क्युरिंग केलं नाही, फरशीखालचा भराव न ठोकता कोबा केला. इथे मातीचं नाव घ्यायचं कारणच नाही. दुसरा, त्याच्या कामामुळे मातीत झालेला बदल : ड्रेनेजचा पाइप गळका राहिला, अंगणाचा उतार घराकडे आला, भिंतीला लागून शोषखड्डा खणला. हाही पूर्ण त्याचा. तिसरा, आधीपासून असलेली पायाची हालचाल. ती त्यानं निर्माण केलेली नाही. पण तडा बघून “पुट्टी मारतो, परत येणार नाही” असं तो बोलला असेल, तर ते बोलणं त्याच्या अंगावर येतं. “हा तडा पायाचा आहे, मी वरून बुजवतो, पण परत येऊ शकतो” असं लेखी दिलं असेल तर नाही.

मी स्वतः गुत्ती घ्यायचो तेव्हा एका निवृत्त शिक्षकांच्या घरातले तडे ऐन मे महिन्यात पॉलिमर मॉर्टर भरून चकाचक करून दिले होते. गुरुजींनी विचारलं, “टिकेल ना?” मी म्हटलं, “टिकेल की.” ऑगस्टमध्ये त्या जागेपासून हातभर बाजूला नवा तडा आला. माल चांगला होता, मजूर चांगले होते. चुकलं ते ‘टिकेल की’. गुरुजींनी ती भिंत मला फुकटात पुन्हा करायला लावली, आणि ते बरोबर होतं.

गुत्तेदार म्हणतो, “ही देवाची करणी.” कायद्यात असं काही असतं ना?

असतं, पण ते अनपेक्षित संकटासाठी. दर वर्षी जूनमध्ये येणारा पाऊस अनपेक्षित नसतो.

काम घेण्याआधी गुत्तेदारानं काय काय बघायला हवं?

निदान एकदा घराभोवती पूर्ण चक्कर मारायला हवी, आणि नजर खाली ठेवून. बहुतेक गुत्तेदार आत येतात, भिंती बघतात, चहा पितात आणि चौरस फुटाचा दर सांगतात. कारण मात्र बहुतेक वेळा बाहेर असतं. जोत्याला लागून फूटपट्टीसारखी सरळ भेग जमिनीत आहे का? छताच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सुटलाय का? बाथरूममागची जमीन ऐन उन्हाळ्यातही ओली आणि हिरवी आहे का? (तिथे केळ किंवा अळू छान वाढलं असेल तर समजा, पाइप गळतोय.) मोठं झाड किती फुटांवर आहे? शेजाऱ्यानं नुकतीच बोअर किंवा टाकी खणलीय का?

मग आतले तडे. केसाएवढा, एक मिलिमीटरच्या आतला तडा बहुतेक वेळा रंगाऱ्याचं काम असतं. पाच मिलिमीटरच्या पुढे गेलेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आरपार दिसणारा, किंवा ज्याच्यासोबत दारं अडकायला लागली आहेत असा तडा गुत्तेदाराच्या अखत्यारीतला नाही. तिथे त्यानं “आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा” म्हणायला हवं. हे म्हणणारा गुत्तेदार काम टाळतोय असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर असाच माणूस कामाला घ्यावा.

मातीची तपासणी खरंच लागते का? खर्च कोणाचा?

रंग-फरशीसाठी नाही. पायाला हात लावायचा असेल, नवी खोली जोडायची असेल किंवा भार वाढवायचा असेल तर लागते. खर्च मालकाचा, कारण जागा मालकाची आणि अहवालही आयुष्यभर मालकालाच उपयोगी. पण तपासणी सुचवण्याचं काम गुत्तेदाराचं किंवा इंजिनिअरचं.

सगळ्यात सोपी तपासणी मुक्त फुगवट्याची. भारतीय मानक २७२०च्या ४०व्या भागात ती दिली आहे आणि बघायला मजेशीर आहे. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची, एक वाटा शुद्ध पाण्याच्या नळकांड्यात, दुसरा रॉकेलच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची उंची बघायची. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के जास्त जागा घेते, तो तुमचा आकडा. तो ५०च्या वर गेला तर साधा पाया चालेल ही आशा सोडा; आपल्याकडच्या खोल काळ्या जमिनीत तो शंभरच्या पुढेही जातो.

याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे खाली मुरूम किंवा खडक किती फुटांवर लागतो. पुण्याच्या पुष्कळ भागांत काळी माती वरवरची, थोडं खणलं की मुरूम. तिथे पाया मुरुमापर्यंत नेला की प्रश्न मिटला. पूर्णेच्या खोऱ्यात खणत राहा, काळीच. आकडा सारखा आला तरी दोन्हीकडचा उपाय वेगळा.

तडे बुजवायला चांगला महिना कोणता?

घाईनं उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. काही तडे उन्हाळ्यात उघडतात, काही पावसाळ्यात. तडा सर्वांत रुंद असताना आत कडक मॉर्टर ठासला, तर तडा मिटण्याच्या महिन्यात तो पाचरीसारखा अडतो आणि भिंत दुसरीकडे फुटते. माझ्या गुरुजींच्या भिंतीचं हेच झालं. सर्वांत अरुंद असताना भरला तर उघडण्याच्या महिन्यात नुसता सुटून येतो.

म्हणून आधी तडा वाचायचा. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवायची. हालचाल झाली की काच तडकते. खर्च फार तर चहा-भज्यांचा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. तोवर पाण्याच्या वाटा दुरुस्त करा : उतार, पाइप, जोत्याभोवती पट्टी. कित्येक घरांत एवढ्यानंच तडा थांबतो, आणि मग वरचं काम खऱ्या अर्थानं टिकतं. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर खुशाल रंग मारा, पण तो मांडवाच्या झालरीसारखा समजा, दुरुस्ती म्हणून त्याचे पैसे मोजू नका.

आमचं फक्त बाथरूम नवीन केलं. आता बाहेरची भिंत फाटली. बाथरूमवाला म्हणतो, “माझा काय संबंध?”

संबंध असू शकतो, आणि पुष्कळदा असतोच. बाथरूमचं काम म्हणजे टाइल्स असं वाटतं. काळ्या मातीवर ते पाण्याचं काम आहे. जुना पाइप तोडून नवा टाकला, सांधा नीट बसला नाही, चेंबर भिंतीला चिकटून बांधलं, की रोजच्या आंघोळीचं पाणी पायाखाली. बाकी घराखाली माती हंगामाप्रमाणे चढते-उतरते आणि त्या एका कोपऱ्याखाली बारा महिने पावसाळा. कोपरा उचललाच म्हणून समजा.

तपासायला सोपं आहे. चेंबरच्या बाजूनं पाइपचं तोंड बंद करून बाथरूमच्या जाळीपर्यंत पाणी भरा आणि पातळीवर खूण करा. तासाभरात पातळी उतरली तर गळती आहे. हे दोन साक्षीदारांसमोर, व्हिडिओ काढत करा आणि गुत्तेदारालाही बोलवा. आला नाही तर त्याला बोलावल्याचा मेसेज राहू द्या. खरं तर ही चाचणी फरशी बसवण्याआधी त्यानंच करून दाखवायला हवी होती. करारात तसं लिहून घ्यावं.

फरशीच्या कामाचंही असंच. जुनी फरशी काढली आणि खाली काळी मातीच भरलेली सापडली, तर प्रामाणिक गुत्तेदार तिथे थांबतो, तुम्हाला दाखवतो आणि माती काढून मुरूम भरून थरा-थरानं ठोकण्याचा जादा खर्च सांगतो. हा खर्च मालकानं द्यायचा. न सांगता वरून कोबा केला आणि वर्षात फरशी फुगली, तर ती त्यानं द्यायची.

जुन्या घराला एक खोली वाढवली. दोन्हींच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उभा तडा आला. हा कुणाचा?

फट न ठेवता जोडलं असेल तर बांधणाऱ्याचा किंवा नकाशा देणाऱ्याचा. जुनं घर त्याच्या पायावर आपल्या तालात हलतं, नवं घर नव्या पायावर वेगळ्या तालात. दोघांची गाठ सिमेंटनं मारली तरी ती सुटणार. मध्ये सरळ फट ठेवायची, ती लवचीक पदार्थानं भरायची, वर पट्टी मारायची.

नव्या खोलीसाठी अंडर-रीम्ड पाइल हा आपल्याकडचा जुना आणि खात्रीचा उपाय. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तो भारतीय काळ्या मातीसाठी विकसित केला. साडेतीन मीटरच्या आसपास खोल भोक, तळाशी माठासारखा फुगवटा, दांड्याच्या व्यासाच्या साधारण अडीचपट. हलणाऱ्या थराच्या खाली घर पाय रोवून उभं राहतं. वरचा बीम मात्र जमिनीला टेकवायचा नाही, खाली पोकळी ठेवायची. नाहीतर फुगणारी माती बीमलाच उचलते. ही पोकळी बुजवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता साइटवर गेलो की पहिला हात तिथेच घालतो. दुसरा मार्ग न फुगणाऱ्या चिकट मातीचा ठोकलेला थर पायाखाली देण्याचा. तो आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामातून आला.

पाच वर्षांपूर्वीचं तडे गेलेलं घर आहे. वर एक मजला चढवू का?

आत्ता नाही.

करारात नेमकं काय लिहावं? आमचा गुत्तेदार ओळखीचाच आहे.

ओळखीचा असेल तर जास्तच लिहा. ओळख टिकवायची असेल तर. भाषा वकिली नको. मी लोकांना साधारण असा मजकूर देतो :

“घर काळ्या मातीवर आहे याची दोघांना कल्पना आहे. काम सुरू करताना असलेले तडे सोबतच्या फोटोंत तारीख व रुंदीसह दाखवले आहेत. दुरुस्त केलेल्या जागी, काम संपल्यापासून एक पावसाळा व एक उन्हाळा पूर्ण होईपर्यंत २ मिलिमीटरपेक्षा जास्त तडा आल्यास ठेकेदार पंधरा दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करील. नव्या जागी तडा आल्यास, तो ठेकेदारानं केलेल्या पाणी, ड्रेनेज, भराव वा तोडफोडीच्या कामामुळे असेल तर जबाबदारी ठेकेदाराची, अन्यथा मालकाची. कारणाबद्दल मतभेद झाल्यास दोघांनी मिळून ठरवलेल्या इंजिनिअरचा अहवाल दोघं मान्य करतील, त्याची फी निम्मी-निम्मी. एकूण रकमेच्या दहा टक्के रक्कम या मुदतीनंतर दिली जाईल.”

दहा टक्के राखून ठेवायला गुत्तेदार कुरकुर करतो. त्याला विचारा, “पीडब्ल्यूडीचं काम केलंय का कधी?” सरकारी कामात दोषदायित्वाचा काळ आणि अनामत त्याला चांगली माहीत असते, डीएलपी म्हणतात ते हेच. तुमच्याकडे खासगी घर आहे म्हणून ते लागू होत नाही असं थोडंच आहे.

उलट बाजूही सांगतो. राखलेली रक्कम मुदत संपली की त्याच आठवड्यात द्या. “बघू पुढच्या महिन्यात” करणाऱ्या मालकांमुळेच चांगले गुत्तेदार अशी अट मान्य करत नाहीत.

करार स्टॅम्प पेपरवर करा; महाराष्ट्रात आता तो किमान पाचशेचा, मोठ्या रकमेला मुद्रांक वाढतो. तेही जमत नसेल तर सह्या केलेला साधा कागद आणि व्हॉट्सअॅपवर “वरील मान्य आहे” एवढं उत्तर तरी घ्या.

आम्ही माल स्वतः आणला, गवंडी रोजावर लावला. आता कुणाला धरायचं?

मुख्यतः स्वतःला. तुम्ही सांगाल ते, तुमच्या मालानं, रोजावर करणारा गवंडी हा कायद्याच्या नजरेत सेवा देणारा ठेकेदार ठरणं कठीण. त्याचा हात वाईट असेल तर त्याबद्दल बोला, पण पायाचा हिशेब त्याच्याकडे मागू नका. ‘लेबर रेट’नं अख्खं काम अंगावर घेणारा वेगळा : माल तुमचा असला तरी कारागिरी आणि पद्धत त्याची, तेवढ्यापुरता तो बांधील. “तुम्हीच हलकी वाळू आणली” असं तो नंतर म्हणू शकतो, म्हणून वाळू उतरतानाच त्याच्याकडून पसंती घ्या.

मालकाच्या चुकीनं गुत्तेदार सुटतो का?

सुटतो, आणि सुटायलाच हवं. काम झाल्यावर भिंतीला लागून बाग केली, रोज नळी सोडली. निलगिरी किंवा पिंपळ दहा फुटांवर वाढू दिला. किंवा त्याहून वाईट, जुनं मोठं झाड एकदम तोडलं. झाड वर्षानुवर्षं पाणी ओढत असतं, ते गेलं की तिथली माती ओल धरून फुगायला लागते. छतावरची टाकी रोज वाहत असेल तर तेही तुमच्याच पदरात. तपासणीला गेल्यावर मी आधी मालकाची बाग बघतो. मालकांना ते आवडत नाही.

गुत्तेदार फोन उचलत नाही. पुढे काय करायचं?

पहिल्या दिवसापासून कागद जमवा : करार, पावत्या, ऑनलाइन पैसे दिल्याच्या नोंदी, फोटो, मेसेज. तड्याशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त बोलतो. मग स्पीड पोस्टानं लेखी नोटीस द्या. काय बिघडलं, करारातलं कुठलं कलम, किती दिवसांत दुरुस्ती हवी. तो दुरुस्त करायला तयार झाला तर करू द्या. रागाच्या भरात दुसऱ्याकडून सगळं तोडून घेतलंत तर पुरावाही तुटतो. थांबणं शक्यच नसेल, म्हणजे भिंत धोकादायक असेल, तर आधी इंजिनिअरचा अहवाल आणि फोटो, मग हातोडा.

नोटिशीनं हललं नाही तर ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दात घरबांधणी येते. सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच हे स्पष्ट केलं होतं. तुम्ही दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. लातूरचं घर आणि तुम्ही ठाण्यात, तर ठाण्यातही चालतं. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि नुसती विचारपूस करायची तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मेसेज आणि फोटो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नमुना तयार मिळतो.

मुदत दोन वर्षांची. लोक इथेच फसतात. “येतो, दिवाळीनंतर बघतो, पाडव्यानंतर बघतो” यात दीड वर्ष निघून जातं. तोंडी आश्वासनानं मुदत वाढत नाही. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, तयारी ठेवून जा.

दुकानाचा गाळा किंवा व्यापारी इमारत असेल तर ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड होतं. तिथे दिवाणी न्यायालय आणि १८७२च्या करार कायद्याचं कलम ७३ : करार मोडल्यामुळे झालेलं थेट नुकसान भरून मागणं.

रेरात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणात) जाता येईल का?

दुरुस्तीच्या गुत्तेदाराविरुद्ध नाही. ज्यात विक्री वा नवं वाटप नाही अशी दुरुस्ती रेराच्या नोंदणीबाहेर आहे. पण तुमचं घर बिल्डरकडून घेतलेलं असेल, प्रकल्प रेराखाली असेल आणि ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील, तर बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो, कळवल्यापासून तीस दिवसांत. अशा घरात तडा दिसला की आधी बिल्डरला लेखी कळवा, मग गुत्तेदार बोलवा. उलटं केलंत तर बिल्डर म्हणणार, “तुमच्या माणसानं ठोकाठोक केली, म्हणून फुटलं.” आणि ते खोडून काढणं जड जातं.

शेतावर कंटेनरचं घर ठेवलं आहे. ते तर लोखंडी, त्याला कसला तडा?

तडा जाणार नाही, पण दार लागणार नाही. हल्ली शेतघरासाठी कंटेनर किंवा पोर्टा केबिन आणून ठेवण्याची हौस वाढली आहे. कंटेनरचं वजन चार कोपऱ्यांवर उतरतं. खाली चार छोटे ठोकळे थेट काळ्या मातीवर बांधले तर प्रत्येक ठोकळा आपापल्या लहरीनं चढतो-उतरतो, डबा पिळला जातो आणि सरकत्या खिडक्या अडकतात. त्यात खिडकीसाठी बाजूचा नागमोडी पत्रा कापला आणि भोवती चौकोनी पाइपची चौकट दिली नसेल तर पीळ आणखी वाढतो, कारण तो पत्रा नुसतं झाकण नसून भारही घेत असतो.

इथे भांडण तिघांत होतं. डबा विकणारा म्हणतो, पाया माझा नाही. ठोकळे बांधणारा म्हणतो, मला सांगितलं तेवढं केलं. आतलं फर्निचर करणारा म्हणतो, मी आलो तेव्हाच वाकडं होतं. उपाय एकच : उतरवण्याच्या दिवशी लेव्हल पाइपनं चारही कोपऱ्यांची पातळी मोजून तिघांच्या सह्या घ्या. दुसऱ्या कामाच्या माणसानं सुरुवात करण्याआधी पुन्हा मोजायची. ठोकळ्यांवर स्क्रू-जॅक ठेवले तर वर्षातून एकदा पातळी जुळवता येते; ती कोण जुळवणार आणि किती वर्षं, हे विकत घेतानाच ठरवा. वाऱ्यासाठी चारही कोपरे पायाला बांधलेले हवेत, हे वेगळं सांगायला नको.

टेक्सासमधल्या एका वाचकानं विचारलं होतं, त्यांच्याकडे मोबाइल होमचं असंच होतं का? होतं. डॅलस ते सॅन अँटोनिओ हा काळ्या मातीचा पट्टा मृदाशास्त्रात आपल्या काळ्या मातीच्याच (रेगुरीच्या) गटात मोडतो. तिथली कारखान्यात बनणारी घरं जून १९७६पासून केंद्रीय मानकांखाली येतात, पोलादी सांगाड्यासह येऊन ठोकळ्यांवर बसतात आणि अधूनमधून पुन्हा समतल करावी लागतात. तिथे घर बनवणारा, बसवणारा आणि नंतर दुरुस्ती करणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या मानल्या जातात, आणि बसवणाऱ्याला परवाना लागतो. आपल्याकडे कंटेनर बसवणाऱ्याला क्रेनवाल्याचा मोबाइल नंबर पुरतो.

भाड्याच्या घरात तडे आहेत. दुरुस्ती भाडेकरूनं करायची का?

पाया आणि भिंत घरमालकाची. खिळा ठोकून पाडलेला गिलावा तुमचा.

काचेची पट्टी लावून आठ महिने झाले, फुटली नाही. आता रंग काढू?

कुठल्या महिन्यात लावली होती? ऑक्टोबरमध्ये लावली असेल तर तिनं अजून पावसाळा पाहिलेला नाही. गणपती होईपर्यंत थांबा.